न मोजलेले गुण

बास्केटबॉलची स्कोअरशीट दोन शायांनी लिहितात. पहिल्या आणि तिसऱ्या सत्राला तांबडी, दुसऱ्या आणि चौथ्या सत्राला निळी किंवा काळी. कागदाच्या एका बाजूला एकपासून चढत गेलेले आकडे छापलेले असतात. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरपी रेघ ओढायची आणि शेजारी बास्केट करणाऱ्याचा क्रमांक लिहायचा. फ्री-थ्रोचा एकच गुण असेल तर रेघेऐवजी भरीव ठिपका. हे मला ठाऊक आहे, याचे कारण मी खेळाडू होतो असे नाही. महाविद्यालयात असताना मी गुणलेखक होतो. खेळायला बूट लागत. लिहायला अक्षर लागे, आणि अक्षर माझे बरे होते.

एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात माझ्या हातून चूक झाली. १४ क्रमांकाच्या मुलाने केलेली बास्केट मी ११ च्या नावावर लिहिली. बनियनवरचा आकडा दुमडला होता, मला तो ११ दिसला. सामना संपला, पंचांची सही झाली, आणि तो १४ क्रमांकाचा मुलगा घाम पुसत टेबलापाशी आला. म्हणाला, ‘माझे दोन कमी आहेत.’ मी कागद पाहिला. चूक माझ्या लक्षात आली, पण सही होऊन गेली होती. मी त्याला म्हणालो, ‘टीमचे गुण बरोबर आहेत ना?’ तो काही न बोलता गेला.

त्या दोन गुणांविषयी मी बोलणार आहे. मात्र त्यासाठी आधी थोडे लांब, अमेरिकेपर्यंत जावे लागेल.

त्याला निमित्त असे घडले. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉन जेम्स या खेळाडूने अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील सर्वकालीन गुणांच्या यादीत करीम अब्दुल-जब्बार याला मागे टाकले. दुसऱ्या दिवशी दलित आत्मकथनांवरचा माझा तास होता. तास संपल्यावर नागपाड्याचा एक विद्यार्थी टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, ‘सर, करीम दुसरा झाला.’ घरातले कोणी गेल्याचे सांगावे, तसा त्याचा आवाज होता. भायखळ्याहून क्लेअर रोडने चालत गेले की नागपाडा येतो, आणि नागपाड्यात बास्केटबॉल हा केवळ खेळ नाही. क्लिफर्ड मॅनशार्ड या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ साली तेथे नेबरहुड हाउस काढले. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा पहिला वर्गही १९३६ साली त्याच इमारतीत भरला. विचारवंतांच्या आठवणीत ती संस्था राहिली. मोहल्ल्याच्या आठवणीत बास्केटबॉलचे मैदान राहिले. अब्बास मुंतसिर यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो या मोहल्ल्याने आपल्याच अंगणातला मानला. आणि त्याच मोहल्ल्याच्या दोन-चार गल्ल्यांपलीकडे, कामाठीपुऱ्याच्या कडेला, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आहे. एकाच भूगोलाची ही दोन पुस्तके. आपण त्यांपैकी एकच वाचत आलो.

त्या मुलाला मी सांगितले की, ही यादी यापूर्वीही बदलली आहे. त्याने विचारले, कितीदा? मला सांगता आले नाही. म्हणून मी ती यादी घेऊन बसलो, आणि वाङ्मयाचा शिक्षक असल्याने सवयीने तिच्याकडे एखाद्या संहितेप्रमाणे पाहू लागलो. संहिता काय सांगते आणि काय गाळते, हे दोन्ही वाचायचे, एवढी शिस्त दलित समीक्षेने आपल्याला लावली आहेच.

यादीच्या शिखरावर ७७ वर्षांत सात माणसे आली. १९४६ साली ज्या संघटनेपासून आजची एन. बी. ए. आपला जन्म मोजते, तिच्या पहिल्या मोसमातला जो फल्क्स. मग जॉर्ज मायकन, डॉल्फ शेज, बॉब पेटिट. पेटिटने १९६४ साली वीस हजारांचा टप्पा प्रथम ओलांडला आणि २०,८८० वर तो थांबला. १९६६ साली विल्ट चेंबरलेन त्याच्या पुढे गेला. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३१,४१९ गुण होते. ५ एप्रिल १९८४ रोजी करीमने त्याला मागे टाकले, १९८९ साली ३८,३८७ वर खेळ थांबवला, आणि ती जागा जवळजवळ ३९ वर्षे त्याच्याकडे राहिली.

पहिले चार गोरे, पुढचे तीन काळे. आणि १९६६ नंतर त्या जागेवर एकही गोरा खेळाडू पोहोचलेला नाही.

या वाक्यापाशी सावध राहायला हवे. कारण याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक अर्थ असा लावला जातो की, काळ्यांच्या शरीरातच काहीतरी आहे. कौतुकाने म्हटले तरी हे विधान आपल्या परिचयाचे आहे. ‘त्यांच्या अंगात ताकद असते’ हे आपल्या आज्यापणज्यांना मेलेले ढोर ओढायला लावतानाही म्हटले गेले होते. शरीर त्यांचे, बुद्धी आमची, अशी ती वाटणी आहे. या यादीचा उलगडा शरीरात शोधू नये, दारात शोधावा. १९५० पर्यंत त्या संघटनेत काळ्या खेळाडूला प्रवेशच नव्हता. त्या वर्षी अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन हे आत आले. दार उघडल्यापासून सोळा वर्षांनी शिखर बदलले. तेव्हा मायकन पहिला होता म्हणजे कोणापेक्षा पहिला होता, हा प्रश्न विचारावाच लागतो. तो मोठा खेळाडू होता, यात मला शंका नाही. मात्र ज्या पंगतीत अर्ध्या गावाला मज्जाव आहे, त्या पंगतीत सर्वांत जास्त पुरणपोळ्या कोणी खाल्ल्या, याला गावाचा विक्रम म्हणता येत नाही.

माझे आजोबा गिरणीत रिंगखात्यात होते. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्यांना घेत नसत. धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि विटाळ होई, हे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. गिरणीच्या पगारपुस्तकात चांगला विणकर कोण, याची नोंद असणारच. ती वाचून ‘अस्पृश्य चांगले विणकर नव्हते’ असा निष्कर्ष उद्या एखाद्या संशोधकाने काढला, तर आकडेवारी त्याला अडवणार नाही.

आता यादीतल्या दुसऱ्या बदलाकडे. ‘सर्वकालीन’ म्हणताना आपण समजतो की सर्वांना एकाच मापाने मोजले आहे. तसे नसते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांच्यातला सामना १९ विरुद्ध १८ असा संपला. चेंडू धरून बसायला कोणाची मनाई नव्हती. १९५४ साली नियम आला की चोवीस सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे, आणि गुणांचा पूर आला. १९७९ साली लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळू लागले. करीमने आपल्या सबंध कारकिर्दीत तशी एकच बास्केट केली. जेम्सने दोन हजारांहून अधिक. करीम चार वर्षे महाविद्यालयात राहून १९६९ साली व्यवसायात आला, जेम्स २००३ साली शाळेतून थेट. हे सगळे एकाच रकान्यात बेरीज होऊन बसले आहे. जाणकार यावर भरपूर भांडतात. हे भांडण बरेचसे निरुपद्रवी आहे, म्हणून मी ते येथेच सोडतो.

तिसरा बदल मात्र निरुपद्रवी नाही. कोणते सामने मोजायचे, हे ठरवण्याचा हा बदल आहे. तो मैदानावर होत नाही, कचेरीत होतो. १९४९ साली दोन संघटना एकत्र आल्या आणि एन. बी. ए. झाली. त्यांपैकी १९४६ ची संघटना तिने आपला पूर्वेतिहास मानली, आणि दुसरी, जी वयाने मोठी होती, तिचे गुण सोडून दिले. गोऱ्या मायकनचेसुद्धा तिथले १,६०८ गुण त्यात बुडाले. पण मायकन नव्या घरात आला तरी. त्याच दुसऱ्या संघटनेत १९४८-४९ च्या मोसमात ‘रेन्स’ हा संपूर्ण काळ्या खेळाडूंचा संघ डेटन गावाच्या नावाने खेळत होता. मूळ न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला हा संघ. १९३९ साली शिकागोत भरलेली व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा त्यानेच जिंकली होती. संघटना एकत्र झाल्या तेव्हा रेन्सना नव्या घरात घेतले नाही. संघ संपला, आणि त्याचे गुण ज्या वहीत होते ती वही ‘आपली नव्हे’ ठरली.

चेंबरलेनचेही एक वर्ष असेच आहे. महाविद्यालय अर्धवट सोडले म्हणून नियमाप्रमाणे त्याला १९५८-५९ मध्ये आत घेता येईना. ते वर्ष त्याने हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या काळ्यांच्या फिरत्या संघाबरोबर काढले. त्या वर्षाची यादीत नोंद शून्य. आणि ज्युलियस अर्व्हिंग. पाच वर्षे तो ए. बी. ए. या प्रतिस्पर्धी संघटनेत खेळला, तेथे ११,६६२ गुण केले. १९७६ साली ती संघटना मोडली, तिचे चार संघ एन. बी. ए.ने आत घेतले, अर्व्हिंगला घेतले, त्याच्यासाठी येणारा प्रेक्षक घेतला. त्याचे गुण घेतले नाहीत. १९८७ साली तो निवृत्त झाला तेव्हा दोन्हीकडचे मिळून त्याचे ३०,०२६ गुण होते, म्हणजे करीम आणि चेंबरलेन यांच्या खालोखाल तिसरा. अधिकृत यादीत मात्र १८,३६४. आज त्या यादीत त्याला शोधायला पन्नासाच्याही बरेच खाली जावे लागते. माणूस तोच, हात तेच, बास्केटची उंचीही तीच.

येथे एक उलटे उदाहरणही दिले पाहिजे. करीम १९६९ साली आला तेव्हा त्याचे नाव लू अल्सिंडर होते. १९७१ साली त्याने करीम हे नाव लावले. यादीने त्याच्याकडे जुन्या नावाचा दाखला मागितला नाही. अल्सिंडरचे दोन मोसमांचे गुण करीमच्या नावावर निमूट चढले. हे वाचताना मला आमच्या वस्तीतली माणसे आठवली. १९५६ साली त्यांनी धम्म घेतला, आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींतून ती बाहेर गेली. १९९० साली कायदा बदलेपर्यंत चौतीस वर्षे त्यांचे मागासलेपण जुन्या नावाबरोबर पुसले गेले असे मानले जात होते. नाव बदलल्यावर हिशेब पुढे चालू राहणे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

अशी कचेरीत गाळलेली माणसे कधी परत येतात का? एक उदाहरण आहे, मात्र ते बेसबॉलचे. काळ्या खेळाडूंना त्या खेळातही वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल संघटनेने १९२० ते १९४८ या काळातल्या अशा सात संघटना आपल्या बरोबरीच्या मानल्या, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य यादीत घातले. जुन्या वृत्तपत्रांतले सामन्यांचे तक्ते शोधून माणसांनी वर्षानुवर्षे जमवलेले हे आकडे. परिणाम असा झाला की, फलंदाजीच्या सर्वकालीन सरासरीत टाय कॉब (०.३६७) खाली आला आणि जॉश गिब्सन (०.३७२) वर गेला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला, जॅकी रॉबिन्सनने मुख्य संघटनेचे दार उघडण्याच्या तीन महिने आधी. म्हणजे यादीत पहिला येण्यासाठी त्याला ७७ वर्षांत एकही चेंडू मारावा लागला नाही. लोकांनी फक्त वही उघडली.

याच जागी मला बाळू पाळवणकर आठवतात.

बाळूंची कथा आता बऱ्याच जणांना माहीत आहे. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची चाकरी करता करता कॅप्टन ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाजी करू लागला. बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे मिळत, असे सांगितले जाते. हिंदूंच्या संघाने पुढे गरजेपोटी त्यांना घेतले. मैदानात चेंडू हातात देताना विटाळ होत नसे. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. हा भाग सगळे सांगतात, कारण तो ऐकून हळहळता येते. मला त्यांच्या आकड्यांबद्दल बोलायचे आहे.

प्रथम श्रेणीच्या यादीत बाळूंच्या नावावर ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. सरासरी पाहिली तर कोणत्याही देशाच्या कोणत्याही काळातल्या गोलंदाजाशेजारी त्यांना बसवता येईल. पण सर्वकालीन याद्या बहुधा बेरजेने लावतात, आणि १७९ ही बेरीज अशा यादीत कोणाच्या नजरेस पडत नाही. ३३ च सामने का? प्रथम श्रेणी हा दर्जा ज्यांना मिळे असे सामनेच तेव्हा वर्षाला मोजके होत. १८९० च्या दशकात पुण्यात त्यांनी जे बळी घेतले, ते या यादीत नाहीत. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेथे बाळूंनी ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथम श्रेणीचे ७५. एकोणचाळीस बळी वहीच्या बाहेर. भारत कसोटी खेळू लागला १९३२ साली, रणजी करंडक सुरू झाला १९३४ साली; बाळूंचा शेवटचा प्रथम श्रेणीचा मोसम १९२०-२१ चा. आपल्या क्रिकेटच्या ज्या दोन याद्या शाळकरी पोरांना पाठ असतात, त्या दोन्ही त्यांच्या नंतर सुरू होतात.

कोणी म्हणेल, यात जातीचा काय संबंध? तो काळच तसा होता, देवधर किंवा सी. के. नायडू यांचेही ऐन उमेदीचे खेळ याद्यांच्या आधीचे आहेत. मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो मान्य करतो. फरक पुढे पडतो. ज्याचे आकडे गळले त्याच्यासाठी कोणी वही उघडतो की नाही, येथे तो पडतो. जॅक हॉब्जची शतके १९७ की १९९, हा वाद इंग्रज अजून घालतात. ती दोन शतके विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या संघाकडून १९३०-३१ साली हिंदुस्थान-सिलोनच्या दौऱ्यात झालेली. एका हौशी संस्थानिकाच्या सहलीतले सामने मोजावेत की नाहीत, यावर नव्वद वर्षे शाई खर्च होते. कारण ज्याची शतके आहेत तो हॉब्ज आहे. बाळूंच्या पुण्यातल्या बळींवर कोणी वाद घातल्याचे मी वाचलेले नाही.

आणि एक रकाना असा आहे की तेथे बाळूंच्या नावापुढे शून्य आहे, आणि ते शून्य खरे आहे: कर्णधारपद. हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली हा प्रश्न पेटला, धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा तडजोड म्हणून त्यांना उपकर्णधार केले. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पाळवणकर कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. कर्णधारांच्या यादीत ‘काही वेळ’ असा रकाना नसतो.

इथपर्यंत आपण प्रस्थापितांच्या वह्या तपासल्या. ते सोपे असते, टाळ्याही मिळतात. आता आपली वही.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातून बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पाळवणकरांना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्याआधी १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. आमच्या चाळीत हे कोणी सांगत नसे. क्रिकेटच्या गप्पा चालत, बाबासाहेबांच्या निवडणुकीच्या गप्पा चालत. दोहोंत एकच माणूस आहे हे मला एम. ए. ला असताना ग्रंथालयात कळले. मी घरी येऊन वडिलांना विचारले. वडील भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली करत. ते म्हणाले, ‘तो आपल्याविरुद्ध उभा होता,’ आणि विषय संपला.

वडिलांचा राग मी समजू शकतो. काँग्रेसने बाळूंच्या कीर्तीचा उपयोग बाबासाहेबांना पाडण्यासाठी केला, आणि बाळूंनी तो करू दिला. त्यांच्या त्या राजकारणाचे समर्थन मला करता येत नाही. तरीही त्या ११,२२५ मतांत अस्पृश्यांची मते नव्हती असे मी म्हणू शकत नाही, आणि आमच्या विस्मरणात महार-चांभार हा भेद नव्हता असेही म्हणू शकत नाही. १९११ च्या दौऱ्याहून परतलेल्या बाळूंचा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने सत्कार केला होता. सत्कार ते विस्मरण, हा प्रवास ब्राह्मणांनी घडवलेला नाही. जे १७९ बळी त्यांच्या नावावर आहेत ते आम्ही त्यांच्या एका निवडणुकीतून वजा केले.

या वजाबाकीचा एक बळी खुद्द आपल्या वाङ्मयात आहे. विठ्ठल पाळवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. मी ज्या पाठ्यपुस्तकांवरून दलित आत्मकथने शिकवतो त्यांत यादी १९७८ च्या ‘बलुतं’पासून सुरू होते, मग ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘जिणं आमुचं’. या ग्रंथांनी मराठी भाषेची कातडी सोलली, त्यांचा मान कमी करण्याचा माझा हेतू नाही. ‘बलुतं’ वाचल्यावर मी पहिल्यांदा माझ्या आईच्या बोलीत निबंध लिहिला होता. तरी तीस वर्षे आधी एका अस्पृश्य माणसाने मराठीत स्वतःचे आयुष्य लिहून छापले, ही नोंद यादीच्या शेजारी का नसावी?

यावर एक उत्तर मला अपेक्षित आहे, आणि ते हलके नाही. दलित साहित्य म्हणजे दलिताने लिहिलेले साहित्य नव्हे. ते आंबेडकरी जाणिवेचे, नकाराचे आणि विद्रोहाचे साहित्य आहे. विठ्ठलरावांचे पुस्तक एका खेळाडूच्या जीवनाचे आहे, ते त्या निकषावर उतरत नाही. निकष मला मान्य आहे. निकषाशिवाय समीक्षा म्हणजे नुसती खानेसुमारी. परंतु निकष लावायला पुस्तक समोर असावे लागते. आम्ही ते वाचून बाजूला ठेवले असते, तर ती समीक्षा झाली असती. आम्ही ते वाचलेच नाही. एन. बी. ए.ने दुसऱ्या संघटनेचे सामने निकृष्ट ठरवून वगळले असते तर निदान वाद घालता आला असता. तिने ती वहीच आपली मानली नाही. आपण वेगळे काय केले?

आपल्यातले काही तरुण मित्र म्हणतात, या याद्याच फाडा. क्रम लावणे हीच मुळात वर्णव्यवस्थेची खोड आहे. हे वाक्य सभेत फार चांगले वाटते. मला ते पटत नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेब गेले ते अस्पृश्यांच्या संख्येचे आणि प्रतिनिधित्वाचे आकडे घेऊन. मोजणी ज्याला परवडते तोच ‘आकड्यांत काय आहे’ असे म्हणतो. ज्याला दर वेळी शून्य धरले गेले, त्याला एकाचीही किंमत ठाऊक असते. गिब्सनला वर आणले ते यादी फाडून नव्हे.

मराठीत एक सोय आहे, किंवा गैरसोय: बास्केटचे ते गुण, परीक्षेचेही गुण, आणि माणसाच्या अंगचे तेही गुणच. एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारताना आपल्याला कळतही नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द माझ्या तोंडावर अनेकदा फेकला गेला आहे. तो फेकणाऱ्यांना वाटते की तो तिसऱ्या अर्थाचा आहे. असतो तो दुसऱ्या अर्थाचा, आणि त्या दुसऱ्या अर्थामागे कोणीतरी टेबलाशी बसून रेघा ओढलेल्या असतात.

माझेच सांगतो. कायम होण्यापूर्वी सहा वर्षे मी तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवले. सेट उत्तीर्ण होतो. जागा नव्हत्या, किंवा होत्या त्या भरायच्या नव्हत्या. तासाला पैसे, सुट्टीला नाही, दर वर्षी नवी नेमणूक. बिल करण्यासाठी घेतलेला प्रत्येक तास डायरीत लिहावा लागे, म्हणून मला आकडा सांगता येतो: २,९१२ तासिका. पुढे कायम झालो. यंदा सेवाज्येष्ठतेची यादी फलकावर लागली. माझी सेवा कायम नेमणुकीच्या तारखेपासून मोजली आहे. शेवटून दुसरा आहे. अर्व्हिंगच्या ११,६६२ गुणांशेजारी माझ्या २,९१२ तासिका ठेवणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. त्याच्यासाठी स्टेडियम भरत होते. माझ्या तासाला पावसाळ्यात सात मुले असत. परंतु त्या सातांतली एक मुलगी आज दुसऱ्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, तीही तासिका तत्त्वावरच.

यादीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. मी कचेरीत गेलो. टेबलामागचे गृहस्थ जुने, माझ्याशी नेहमी चांगले वागणारे. त्यांनी फाईल पाहिली, चष्मा काढला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘सर, पगार तर पूर्ण मिळतोय ना आता?’

मला १४ क्रमांकाचा तो मुलगा आठवला. तो काही न बोलता गेला होता.

मी हरकतीचा अर्ज दिला आहे. सोबत सहा डायऱ्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, पाने अनुक्रमांक टाकून.